चौथ्या आणि पाचव्या भिंगामधली हवा

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार

आमचे डायरेक्टर पोर्फिरी लुकिच यांनी सकाळी बोलावून घेतलं आणि टेबलावर एक जर्मन लेन्स ठेवली. लढाईनंतर तिकडून खोकी भरभरून आली, त्यांतली. म्हणाले, "ग्लेब साव्विच, नव्या कॅमेऱ्याला ही बसवायची. हुबेहूब. शून्य बदल."

मी म्हटलं, "यातली काच जर्मन आहे आणि तिचा साठा संपला. आपली काच किरण निराळा वाकवते. म्हणजे प्रत्येक भिंगाचा गोलावा नव्यानं काढावा लागेल."

"काढा ना. कोण नको म्हणतंय? फक्त बदल काही करू नका."

पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी आणखी एक तांब्या ओतला. म्हटलं, माझी स्वतःची एक लेन्स आहे, सहा भिंगांची, आपल्याच नव्या जड काचेची. सात वर्षं तिच्या मागे आहे. एकदा तरी तीही तपासून बघा. त्यांनी कॅलेंडर उलटून पाहिलं. मग म्हणाले, एप्रिलमध्ये मॉस्कोहून तपासणी मंडळ येतंय, दोन्ही ठेवा त्यांच्यापुढे. पण नकलेचं काम आधी, तुमचं उरलेल्या वेळात.

उरलेला वेळ म्हणजे जेवणाची सुट्टी.

मी बावन्न वर्षांचा आहे. एकवीस वर्षं या कारखान्यात लेन्सांचं गणित करतो. माझ्या हातून जे जे बाहेर पडलं ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी फक्त मापं घेतली. एक तरी लेन्स अशी हवी की जिच्या कागदावर माझं, फक्त माझं नाव असेल. एवढंच हवंय मला. या वयात हे कुणाला सांगायला लाज वाटते, बहिणीलाही, म्हणून ही वही आणली. चौकटींची आहे. दुकानात दुसरी नव्हती.

६ फेब्रुवारी

हिशोबखोलीत बातमी सांगितली. खोलीत पाच बायका, पाच हँडलवाली गणिताची यंत्रं आणि लॉगच्या कोष्टकांचे जाडजूड ग्रंथ. एक किरण लेन्समधून या टोकाचा त्या टोकाला न्यायचा म्हणजे पाऊण दिवस आकडेमोड. आणि आमचा नियम असा की प्रत्येक किरण दोघींनी करायचा, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकींचं न बघता. आकडे जुळले तरच कागदावर सही, तारीख आणि फायलीत. माणूस चुकतो, पण दोन माणसं एकच चूक करत नाहीत, यावर आमचं सगळं दुकान चालतं.

खोलीच्या प्रमुख नोन्ना येफ्रेमोव्हना. अकरा वर्षं माझ्यासोबत आहेत. माणूस शांत, अक्षर छापल्यासारखं, आणि चूक? मला तरी सापडलेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "जेवणाची सुट्टी पाऊण तासाची असते. दोघी मिळून दीड तास. जमेल."

त्यांची जोडीदार तोस्या, तेवीस वर्षांची, तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "हुबेहूब म्हणजे त्या पितळी स्क्रूसारखं का?"

सगळ्या हसल्या. मीही. एकोणपन्नास साली आम्ही एका जर्मन कॅमेऱ्याची अशीच हुबेहूब नक्कल केली होती. बुडाला एक पितळी स्क्रू होता, तोही मोजला, आराखड्यात आला, कॅमेऱ्यात आला. आठ हजार कॅमेरे विकले गेल्यावर एका दुरुस्तीवाल्यानं पत्र लिहून विचारलं, हा स्क्रू धरतो काय? शोध शोध शोधलं. काहीच धरत नव्हता. आमच्याकडे आलेल्या त्या एका कॅमेऱ्याच्या मूळ मालकाचा पट्टा तुटला असणार, त्यानं घरी बसून तो ठोकला असणार. आम्ही एका अनोळखी जर्मन माणसाचा तुटका पट्टा आठ हजार वेळा दुरुस्त केला. आणि स्क्रू अजून आहे, कारण तो काढायला मॉस्कोची परवानगी लागते.

९ फेब्रुवारी

माझ्या लेन्सचं दुखणं लिहून ठेवतो. गेल्या शरदात कार्यशाळेनं एक नमुना घासून दिला होता. नदीकाठच्या दिव्यांचा फोटो काढला. मधले दिवे टाचणीच्या टोकासारखे. कोपऱ्यातल्या दिव्यांना मात्र शेपट्या. सात वर्षांत मी त्या शेपट्या निम्म्या केल्या, पण जात नाहीत. जर्मन लेन्सला त्या नाहीत, म्हणजे आहेत पण आखूड. तपासणी मंडळ आधी कोपरेच बघणार.

पहाटेपासून तेच डोक्यात. कापानं (माझी थोरली बहीण, तिचा नवरा आणि माझी बायको लीदा, दोघंही लढाईच्या वर्षांत गेली, तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो) लापशी पुढ्यात ठेवली ती गार झाली. म्हणाली, "तू जेवतोस की तिच्यातून किरण नेतोस?"

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट. जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर, चहाच्या पेल्याखाली, पान क्रमांक तीनशे अकरा. नोन्ना येफ्रेमोव्हनांचा हिशोब. आणि त्यात चूक! चौथं आणि पाचवं भिंग माझ्या लेन्समध्ये एकमेकांना चिकटवलेली आहेत. त्यांनी दोघांच्या मध्ये शून्य पूर्णांक चार मिलिमीटर हवा धरली होती.

मी उठून गेलो. आवाज खाली ठेवूनच म्हटलं, "नोन्ना येफ्रेमोव्हना, इथे हवा कुठून आली? ही भिंगं चिकटलेली आहेत."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हो की. चुकलं वाटतं."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"वय झालं. पुन्हा करते." कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी 'चूक, पुन्हा केले' असं लिहिलं आणि फायलीत लावून टाकला. तोस्या तेवढ्यात रुमालात तोंड घालून खोकत सुटली. या खोलीत वारा फार लागतो.

मला वाईट वाटलं. त्या अठ्ठेचाळीसच्या. जेवायच्या वेळात दुसऱ्याच्या हट्टापायी आकडे मोडायचे, थकणार नाही तर काय. उपाहारगृहातून त्यांना लिंबाचा चहा आणि एक बन पाठवला. त्यांनी बन अर्धा करून तोस्याला दिला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं.

शनिवारचं वाफेचं न्हाण. वरच्या फळीवर बसलो होतो, अंगावर रिवाजाप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांचा मारा चालू, डोकं रिकामं. शेजारचा म्हातारा दार उघडं राहिल्याबद्दल कुणावर तरी ओरडला, "हवा येतेय, हवा!" आणि मी फळीवरून पडायचाच राहिलो. चिकटवायचीच कशाला? चौथं आणि पाचवं सुटं करायचं, मध्ये केसाएवढी हवा ठेवायची. चिकटवलेल्या दोन भिंगांना एकच समाईक गोलावा पाळावा लागतो. सुटी केली की दोघांना आपापला. शेपट्या आवरायला नेमकं हेच हातात हवं होतं.

सात वर्षं! आणि उत्तर वाफेत. मी तसाच ओल्या डोक्यानं घरी आलो, म्हणून कापानं यथेच्छ शिव्या दिल्या. मला त्या आज गोड लागल्या.

१८ फेब्रुवारी

खोलीत जाहीर केलं. फळ्यावर चित्र काढून समजावलं. बायका फारच गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. तोस्या खाली बघत होती.

नोन्ना येफ्रेमोव्हना म्हणाल्या, "छान कल्पना आहे, ग्लेब साव्विच. फट किती धरू?"

"शून्य दोन, शून्य चार, शून्य सहा. तिन्ही करून बघा. घाई नाही, आठवडा घ्या."

१९ फेब्रुवारी

शून्य चारचे सगळे अकरा किरण आज दुपारी माझ्या टेबलावर! एका दिवसात! दोघींचे आकडे जुळवून, सह्यांसकट. कामात जीव ओतला की माणूस काय करू शकतो. मी तसं बोलूनही दाखवलं. नोन्ना येफ्रेमोव्हना म्हणाल्या, "तुमचा उत्साह बघून आम्हालाही हुरूप येतो."

शेपट्या कागदावर तरी एक चतुर्थांश उरल्या. पोर्फिरी लुकिचना जाऊन सांगितलं की माझी लेन्स तयार होतेय, नमुना घासायला कार्यशाळा द्या. ते नाही म्हणाले. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. दीड तास. शेवटी त्यांना जेवायला जायचं होतं म्हणून हो म्हणाले.

३ मार्च, रविवार

मोठे उपास सुरू होण्याआधीच्या घावनांच्या आठवड्याचा शेवटचा दिवस. कापानं मला न विचारता नोन्ना येफ्रेमोव्हनांना जेवायला बोलावलं होतं. आंबट साय, खारवलेले मासे, लोणचं, घावनांची चवड. त्या निळा स्वेटर घालून आल्या होत्या. कारखान्यात नेहमी तो करडा झगा, त्यामुळे क्षणभर ओळखलंच नाही.

जेवताना त्यांनी एक बालिश प्रश्न विचारला. भिंगांच्या मधोमध उजेड कमीजास्त करणारी जी पडद्याची कडी असते, ती तिथेच का? त्यांनी ताटल्या ओळीनं मांडल्या, मधली सायीची वाटी जरा पुढे सरकवली. "अशी दोन मिलिमीटर पुढे नेली तर काही बिघडतं का?"

मी म्हटलं, "जेवताना कामाचं नको."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि वाटी मात्र तिथेच ठेवली.

त्या गेल्यावर कापा भांडी धूत म्हणाली, "ग्लेब, तुला ऐकू येतं. पण कोण बोललं ते कळत नाही."

मी म्हटलं, माझे कान तुझ्यापेक्षा बरे आहेत. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

७ मार्च

पडद्याची कडी दोन मिलिमीटर पुढे नेली. नुसतं डोळ्यांपुढे दिसलं मला, आज सकाळी, दाढी करताना. उरलेल्या शेपट्याही गेल्या. कधी कधी वाटतं, इतकी वर्षं साठवलेलं सगळं आता एकदम फळतंय.

८ मार्च

बायकांचा सण. बाजारात दक्षिणेकडून मिमोझाची पिवळी फुलं आली होती, रांगेत तासभर उभा राहिलो. पाच काड्या घेतल्या. नोन्ना येफ्रेमोव्हनांसाठी जरा मोठी, भरगच्च पाहून घेतली, कारण त्या खोलीच्या प्रमुख आहेत. तोस्या म्हणाली, "ग्लेब साव्विच, आमच्या काड्यांना फुलं आहेत की नुसतीच काडी?" मी तिला कामाला लाग म्हटलं.

नोन्ना येफ्रेमोव्हनांनी आपली पिवळी काडी यंत्राशेजारी औषधाच्या बाटलीत ठेवली. संध्याकाळी निघताना पाहिलं तर बाटली तिथे नव्हती, घरी नेली असावी.

१९ मार्च

वाईट दिवस. पोर्फिरी लुकिच म्हणाले, मंडळानं जर्मन नक्कल घेतली तर पुढची दहा वर्षं नवं गणित लागणारच नाही. मग हिशोबखोली ठेवायची कशाला? बायकांना पगारविभागात हलवू. तुम्हीही दमलात, ग्लेब साव्विच. आडून सांगितलं, की आता नकलेच्या बाजूनं बोला आणि निवांत व्हा.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा डायरेक्टरच्या खोलीत ओरडलो. म्हणालो, ही लेन्स माझी आहे, तिच्यासारखी जगात नाही, आणि तुम्ही मला अनोळखी माणसाच्या तुटक्या पट्ट्याचे स्क्रू पुन्हा ठोकायला सांगताय. बाहेर आलो तर बोळात नोन्ना येफ्रेमोव्हना उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. माझ्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते त्यांनी लावलं आणि गेल्या.

घरी येईपर्यंत ते बटण मी तीनदा चाचपलं. का कुणास ठाऊक.

२ एप्रिल

नमुना आला. काल संध्याकाळी सहाला नदीकाठी आम्ही तिघं, मी, नोन्ना येफ्रेमोव्हना आणि तोस्या. बर्फ फुटायला लागलाय, त्याचा कडकड आवाज. दिवे लागल्याबरोबर फोटो काढले, आणि आज सकाळी फिल्म ओली असतानाच बघितली.

चारही कोपऱ्यांत दिवे. नुसते ठिपके. एकालाही शेपूट नाही.

तोस्यानं माझ्या गालाचा मुका घेतला. नोन्ना येफ्रेमोव्हना अंधारखोलीच्या लाल उजेडात फिल्म हातात धरून खूप वेळ उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, द्रावणाचा वास डोळ्यांना झोंबतो, बाहेर या.

२४ एप्रिल, बुधवार

मंडळ आलं. तिघं जण. त्यांतले मोठे एक लंगडे इंजिनियर, नाकावर एक चष्मा, कपाळावर एक. दोन्ही लेन्सांच्या फिल्मा तासभर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. आमची जर्मन नक्कलही वाईट नव्हती. माझ्याच बायकांनी तिचं गणित केलंय, वाईट कशी असेल. पण कोपऱ्यांत माझी पुढे होती, स्पष्ट पुढे. पोर्फिरी लुकिच नकलेचे गोडवे गात होते. मी त्यांना मध्येच तोडत होतो. चार वेळा. मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

शेवटी लंगड्या इंजिनियरनं विचारलं, "ही हवेची फट कुणाची कल्पना?"

"माझी," मी म्हटलं.

"धाडसी आहे." आणि त्यांनी माझ्या लेन्सच्या कागदावर सही केली.

मागे नोन्ना येफ्रेमोव्हना फायली धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की जणू त्यांचीच लेन्स पास झाली. असं दुसऱ्याच्या सुखानं सुखावणारं माणूस मी पाहिलं नाही. घरी येऊन कापाला हे सांगितलं. ती म्हणाली, "देवा," आणि कपाटं पुसायला लागली.

६ मे

आता संशोधकाचं प्रमाणपत्र. मॉस्कोला अर्ज जायचा. पोर्फिरी लुकिचनी नमुना-अर्ज पुढे केला. संशोधकांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं, मुख्य इंजिनियरचं दुसरं, माझं तिसरं. "अशीच पद्धत असते," म्हणाले. पद्धत खरीच आहे, सगळीकडे चालते. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळावर पाटी स्वतःच्या नावाची!

मी अर्ज परत सरकवला. म्हटलं, यात एकच नाव जाईल. ज्यानं एक आकडा मोडला नाही, एक रेघ काढली नाही, त्याचं नाव या लेन्सवर येणार नाही. दुसऱ्याच्या डोक्यातलं उचलून स्वतःचं म्हणणं ही चोरी आहे, मग ती जर्मनाची असो की माझी.

बरं वाटलं. रात्री गाढ झोपलो.

१३ मे, सोमवार

आज लिहायचं नव्हतं. पण ही वही मी खरं लिहायला आणली होती.

अर्जासोबत सगळे हिशोब तारखेनं लावून जोडायचे असतात, कल्पना कधी सुचली याचा पुरावा म्हणून. मी सकाळपासून लावत बसलो. मला सोळा फेब्रुवारी हवी होती, न्हाणाचा शनिवार. त्याच्या आधी फायलीत चौदाची पानं आली. पान तीनशे अकरा, 'चूक, पुन्हा केले'. हसू आलं. त्याच्याखाली तीनशे बारा. तोस्याचं अक्षर. तोच किरण. मध्ये शून्य पूर्णांक चार हवा.

मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. दोन माणसं एकच चूक करत नाहीत.

मग मागचीपुढची पानं. तीनशे नऊ, दहा, तेरा, चौदा. अकराच्या अकरा किरण, दोघींचे, हवेसकट, सहा फेब्रुवारीपासून सोळापर्यंत. एकोणीसला त्यांनी मला एका दिवसात काढून दिले ते हेच, नव्यानं उतरवून. त्यांच्यामागे आणखी एक जुडगा. पडद्याची कडी एक मिलिमीटर पुढे, दोन, तीन. दोनच्या खाली पेन्सिलीची रेघ. तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. घावनांच्या आधीची. माझ्या दाढीच्या आधीची.

तोस्याला बाहेर बोलावलं. पान पुढे केलं. ती प्रथमच गंभीर झाली. म्हणाली, "आत्ता कळलं तुम्हाला? ग्लेब साव्विच, सगळ्या खोलीला ठाऊक आहे. आम्हाला वाटलं, तुम्हालाही असेल, नुसतं बोलत नसाल."

म्हणजे त्या बायका इतके दिवस मला चोर समजून माझ्याशी प्रेमानं वागत होत्या. आणि मी चोर होतोच. फक्त इतका बावळट की मला चोरी केल्याचंही कळलं नाही. पोर्फिरी लुकिच निदान उघड मागत होते.

१४ मे

जंगली चेरी फुलली की आमच्याकडे चार दिवस थंडी परत येते, ती आज आली. कारखान्याच्या फाटकापाशी बाकावर त्या एकट्या बसून पाव खात होत्या. मी शेजारी बसलो.

"नोन्ना येफ्रेमोव्हना, पान तीनशे बारा."

त्यांनी पाव कागदात गुंडाळून ठेवला. "उशीर केलात. मला वाटलं होतं, मार्चमध्येच सापडेल."

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. बावन्न साली. लेन्स वेगळी होती, पण सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही हिशोब करा, विचार करायला मी आहे.' रागानं नाही हं. चहासुद्धा पाजलात."

मला हे आठवत नाही. कालपासून जे जे वाईट वाटलंय त्यात हे सगळ्यात वाईट. त्यांना पाच वर्षं शब्दन्‌शब्द आठवत होतं आणि मी चहा पिऊन विसरलो.

"मग बोलणं सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात आलं. नुसती सूचना केली तर ती तुम्ही टेबलावरच ठेवून जाता. चूक म्हणून दाखवली तर घरी घेऊन जाता."

"आणि नाव? कुणीही तुमचं नाव घेतलं नसतं."

"मला लेन्स हवी होती, ग्लेब साव्विच. माझी म्हणून मांडली असती तर पोर्फिरी लुकिच हसले असते, आणि तुम्ही त्यांना हळूच सांगितलं असतं, बाईमाणसाला दुखवू नका. तुमची म्हणून मांडली तेव्हा तुम्ही त्यांच्या खोलीत दीड तास बसून राहिलात. ओरडलात. मी ऐकलं ना बोळातून. दुसऱ्याच्या लेन्ससाठी कुणी असं ओरडत नाही."

मी म्हटलं, मला लाज वाटते.

"थोडी वाटू द्या," त्या म्हणाल्या. "सगळी नको. सहा भिंगं तुमचीच आहेत. काचही तुम्हीच निवडलीत. माझी फक्त हवा."

मग थंडी वाजायला लागली म्हणून आम्ही आत गेलो. चालताना मला एक गोष्ट इतकी साधी, इतकी उशिरा कळली की इथे लिहून टाकतो: मला ही बाई आवडते. मिमोझाच्या रांगेत उभा होतो तेव्हाही आवडत होती. कदाचित बावन्न सालीसुद्धा, तो चहा पाजला तेव्हा. लीदा गेल्यापासून या जागेचं दार मी लावून घेतलं होतं आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरलो होतो.

कापाला सांगितलं. सगळंच. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

१७ मे

पोर्फिरी लुकिचसमोर नवा अर्ज ठेवला. संशोधक: पहिलं नाव नोन्ना येफ्रेमोव्हना शुबिना. दुसरं माझं.

"ही हिशोबवाली? डिप्लोमा आहे?"

"शाळा, आणि लढाईत सहा महिन्यांचा वर्ग."

"मॉस्को परत पाठवेल. चौकशी लावेल. वर्ष जाईल, दोन जातील, आणि कदाचित कुणालाच मिळणार नाही. तुमचं एकट्याचं पाठवा, उन्हाळ्यात प्रमाणपत्र हातात. तुम्हाला हेच हवं होतं ना? त्या दिवशी मला सुनावून गेलात, एकच नाव."

हेच हवं होतं. सात वर्षं, खरं तर एकवीस. क्षणभर, लिहितो तर सगळंच लिहितो, क्षणभर मी गप्प राहिलो. ती स्वतःच म्हणाली होती, लेन्स हवी होती, नाव नको. कुणालाही काही कळलं नसतं. खोली तर कधीच काही बोलली नसती.

"असाच जाऊ दे," मी म्हटलं.

"आणि माझं नाव?"

"तुम्ही शून्य बदल म्हणाला होतात."

ते कधी नव्हे ते मनापासून हसले. सही केली. म्हणाले, पाच प्रती लागतील, टायपिस्ट रजेवर आहे.

२० मे, सोमवार

शनिवार-रविवार बसून पाचही प्रती हातानं लिहिल्या. कार्बनची प्रत मॉस्कोला चालत नाही. प्रत्येकीवर नोन्नाचं नाव पहिल्या ओळीत, नवव्या वेळेपासूनच नीट यायला लागलं, म्हणून आधीचे कागद फाडले. नकलांचा एवढा तिटकारा असलेला माणूस मी. पण हात दुखला नाही.

आमच्याकडे कुठलाही कागद दुसऱ्यानं तपासल्याशिवाय जात नाही. सुट्टीत प्रती तिच्या टेबलावर ठेवल्या. तिनं यंत्र बाजूला सारलं, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. काम कुणाचं या रकान्यात मी 'कल्पना: शुबिना' लिहिलं होतं. तिनं तिथे 'दोघांची' करायला लावलं आणि हिशोबाच्या रकान्यात तोस्याचं नाव घालायला लावलं. पाचही ठिकाणी. तोस्या आपल्या टेबलावरून बघत होती आणि चक्क गप्प होती.

वाचून झाल्यावर ती परत पहिल्या प्रतीच्या पहिल्या ओळीवर आली.

"तुमचं एकट्याचं राहिलं असतं तरी मला चाललं असतं," ती म्हणाली. "खरंच चाललं असतं."

"ठाऊक आहे मला."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ न हलवता, दुसऱ्या कुणाचा हिशोब तपासत असल्यासारखी. मग चष्मा काढला.

"आता नाही चालणार."